कडा कापलेले फोटो

१

फोटो जागच्या जागी होते. गायब झाल्या होत्या त्या त्यांच्या कडा.

भाचीने सकाळी गॅलरी उघडली, दिवे लावले आणि पहिल्याच भिंतीपाशी तिचे पाय थबकले. माणसाच्या उंचीचे काळे-पांढरे फोटो, फ्रेमशिवाय, थेट भिंतीवर चिकटवलेले. काल प्रत्येक फोटोभोवती बोटभर रुंद काळी कड होती. आज काही फोटोंची कड कुणीतरी चारी बाजूंनी कापून नेली होती आणि तिथे भिंतीचा पांढरा रंग उघडा पडला होता. फोटो ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात त्या नामवंत फोटोग्राफरचे. संध्याकाळी उद्घाटन, आमंत्रणं कधीच गेलेली. भाचीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने पोलिसांच्या आधी मावशीला फोन केला.

मावशीने सगळी नोकरी पोलिसांच्या ठसे विभागात काढली होती. पेल्यावरचं, मुठीवरचं, काचेवरचं बोट भिंगाखाली धरायचं आणि ते कुणाचं हे सांगायचं. निवृत्त झाली तरी भिंग पर्समध्येच. पाहुण्याने पेला खाली ठेवला की हिची नजर आधी पेल्यावर जाते, म्हणून नातेवाईक तिच्याकडे पाणी प्यायलाही बिचकतात.

मावशी आली. हुश्श नाही, बसणं नाही, तडक भिंतीपाशी गेली. भाची मागे मागे.

"सूड आहे गं हा," भाची म्हणाली. "उस्तादांवर डूख धरून बसलेली माणसं काय कमी आहेत?"

"सूड असेल," मावशी म्हणाली. "पण सुडाला एवढी सरळ पट्टी लावून कापायला कोण शिकवतं?"

तिचं खरं होतं. चिडलेला माणूस चेहऱ्यावर ब्लेड फिरवतो. इथे एकाही चेहऱ्याला ओरखडा नव्हता. स्टीलची पट्टी धरून, श्वास रोखून, चित्राचा केसभरही भाग न जाऊ देता फक्त काळा भाग काढला होता. ज्याने कापलं त्याचा ह्या फोटोंवर जीव होता, नाहीतर हात एवढा जपून चालला नसता.

त्या काळ्या कडेचं प्रस्थ मात्र सांगायला हवं. निगेटिव्हवर चित्राच्या बाहेर जी कोरी किनार असते, ती प्रिंटवर काळी उमटते. ती दिसली की समजायचं, फोटो घेतला तेव्हा जेवढा होता तेवढा पूर्ण समोर आहे, नंतर काही छाटलेलं नाही. उस्तादांनी ह्या कडेचा धर्म करून ठेवला होता. शिष्यांना पहिला धडा तोच, भाषणात शेवटचं वाक्य तेच. त्यांच्या फोटोची कड कापणं म्हणजे भर चौकात त्यांचं धोतर सोडण्यापैकी होतं.

मावशी दोनदा हॉल फिरली. एका भिंतीवरचे बहुतेक फोटो कापलेले, दुसरीवरचे मधलेच काही, तिसरीवरचा जेमतेम एखादा. एकटीचे-घोळक्याचे असा भेद नाही, दाराजवळचे-आतले असाही नाही. विषय तर सगळ्यांचा एकच, कपड्यांच्या कारखान्यात शिवणाऱ्या बायका. दूरदेशीच्या चकचकीत दुकानांसाठी फॅशनचे कपडे शिवणाऱ्या, स्वतः साध्या कपड्यांतल्या बायका. ह्याच फोटोंनी उस्तादांना जगभर नाव मिळवून दिलं होतं.

"कापायचेच होते तर सगळे का नाही कापले?" मावशी स्वतःशी पुटपुटली. तेवढ्यात दारात काठीचा आवाज झाला.

२

उस्ताद आले, काठीवर हात ठेवून भिंती पाहिल्या, आणि शांतपणे खुर्चीत बसले. भाची रडकुंडीला आली होती. तिला वाटलं होतं आता हा माणूस आकाशपाताळ एक करेल. तर हे म्हणाले, उद्घाटन ठरल्याप्रमाणे होईल, लोक चित्र बघायला येतात, किनार बघायला नाही. भाचीने सुटकेचा श्वास सोडला. मावशीने सोडला नाही. तिने नुसतं उस्तादांकडे पाहिलं आणि विचारलं, तुमचा कुणावर संशय?

"संशय कसला? मला माहीत आहे," उस्ताद म्हणाले. "माझी धाकटी भावजय."

मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज चढत गेला. त्यांचा धाकटा भाऊ वर्तमानपत्रात फोटोग्राफर होता. तरुणपणीच आजाराने गेला. तेव्हापासून त्याची बायको, घरात जिला सगळे धाकटी म्हणतात, ती एकच तुणतुणं वाजवते आहे, हे फोटो माझ्या नवऱ्याचे आहेत. प्रत्येक प्रदर्शनाच्या दाराशी येऊन उभी राहते. लोक हसतात, पहारेकरी बाजूला करतो, पण बाई हटत नाही. कालही आली होती. दारातच तिला वाटेला लावली. गेली ती दातओठ खात गेली.

"आजवर घरची म्हणून सोडलं," उस्ताद म्हणाले. "आता नाही. उद्घाटन आटोपलं की तक्रार देणार आणि तिला आत टाकणार. तिच्या नवऱ्याचं नाव पुन्हा ह्या फोटोंच्या जवळपास ऐकू येता कामा नये."

कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ल्या भाचीकडे, फोटो लावून देणाऱ्या फ्रेमवाल्याकडे आणि खुद्द उस्तादांकडे. धाकटीने फ्रेमवाल्याला फितवलं असेल, असं उस्तादांनी जाता जाता सुचवलं. संध्याकाळपर्यंत वेळ होता, आणि तोवर खरं काय ते कळलं नाही तर एक बाई तुरुंगात जाणार होती.

हॉलच्या मधोमध काचेच्या पेटीत एक जुना कॅमेरा ठेवला होता. खाली उस्तादांच्या सहीने ओळ होती, 'आयुष्यात ह्या एकाच कॅमेऱ्याला डोळा लावला. हे सगळे फोटो ह्याचेच.' मावशीने ती ओळ दोनदा वाचली.

३

फ्रेमवाला नाकाच्या शेंड्यावर राग ठेवूनच भेटला. त्याचं दुखणं रास्त होतं. त्याने महिनाभर खपून फ्रेमा केल्या होत्या आणि उस्तादांनी चारचौघांत सांगितलं, ह्या खोक्यांत माझे फोटो गुदमरतील, भिंतीवर असेच चिकटव. पट्टी त्याची, कटर त्याचा, किल्ली त्याच्याकडे. मावशीने हे एकेक बोटावर मोजून दाखवलं तसा तो म्हणाला, उट्टं काढायचं असतं तर मी चुकीचा गोंद लावला असता, उद्घाटनातच फोटो पाहुण्यांच्या डोक्यावर आले असते. मावशीला हसू आलं. एवढा पक्का बेत डोक्यात तयार असलेला माणूस कडा कापत बसणार नाही, हे तिला पटलं.

दुसरी संशयित टीकाकार बाई. कलेवर लिहिणारी, जीभ कात्रीहून धारदार. उस्तादांची कड म्हणजे नुसती मिरवायची झूल, असं तिने छापून टाकलं होतं, आणि त्यावर उस्तादांनी तिला भर सभेत आंधळी म्हटलं होतं. सुडाची इच्छा आहे का, ह्यावर तिने सरळ हो म्हटलं. पण तो सूड मी लेखणीने घेईन आणि खाली सही करीन, असंही म्हणाली. मग तिने एक गोष्ट सांगितली. एका प्रकाशकाने पुस्तक छापताना कड जराशी छाटली, तर उस्तादांनी सगळी छपाई परत पाठवली होती. चार दिवस अन्न घेतलं नव्हतं.

"आणि आज म्हणतात लोक किनार बघायला येत नाहीत," मावशी म्हणाली.

"असं म्हणाले?" टीकाकार बाईने विचारलं. "मग ते उस्ताद नव्हेत."

मावशी परत फ्रेमवाल्याकडे गेली. काल दारात धाकटी आणि उस्ताद बोलत होते तेव्हा तू कुठे होतास, असं विचारून खनपटीलाच बसली. तो आधी आढेवेढे घेत होता. घरचं भांडण, आपण कशाला कान द्या. शेवटी म्हणाला, सगळं नाही ऐकलं, पण बाई ओरडत नव्हत्या, हळू बोलत होत्या. ओरडले नाहीत उस्तादही.

"बाई म्हणाल्या, खाच आहे. एवढंच ऐकलं. आणि उस्ताद पांढरेफटक पडले."

४

धाकटीचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, मापं सैल करायची. भिंतीवर लोकांचे कपडे टांगलेले, मशीनशेजारी एक कापडी पिशवी. मावशीने मागच्या हकिकतीसकट सगळं सांगितलं, तुमच्यावर आळ आहे हेही सांगितलं. धाकटीने मशीन थांबवलं नाही. चालू शिवण संपवली, दोरा दाताने तोडला आणि मगच मान वर केली.

"सूड घ्यायचाच आहे मला," ती म्हणाली. "नाही कशाला म्हणू? रोज उठल्यावर पहिला विचार तोच असतो. पण कात्रीवर माझं पोट आहे. तिने मी असलं काम करणार नाही."

मग ती बोलत गेली. कपड्यांच्या त्या कारखान्यात ती स्वतः शिवायला होती. नवरा कामावरून सुटला की तिला न्यायला यायचा, लवकर आला तर आत येऊन बसायचा. बायकांना त्याची इतकी सवय झाली होती की तो कॅमेरा काढायचा तरी कुणी पदर-केस सावरायचं नाही. तो गेला त्या आठवड्यात थोरले भाऊजी सांत्वनाला आले आणि निगेटिव्हचं खोकं घेऊन गेले. नीट ठेवतो म्हणाले. पुढे विचारलं तर म्हणाले, ओल लागली, फेकून दिल्या. आणि मग एक दिवस दुकानात मासिकाच्या पानावर तिला आपलंच तोंड दिसलं. खाली नाव भाऊजींचं.

"दारोदार सांगितलं. लोक म्हणाले नवरा गेल्याने हिच्या डोक्यावर परिणाम झाला."

मावशीने खाचेचं विचारलं. ते ऐकून धाकटीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. तिने समजावून सांगितलं. वर्तमानपत्राच्या कचेरीत सगळ्यांचे कॅमेरे सारखेच. दिवसभराच्या फिल्म एकदम धुवायला जायच्या, मग कुठली कुणाची हे कळायचं कसं? म्हणून कॅमेऱ्याच्या आत, फिल्मसमोर जी छोटी धातूची खिडकी असते, तिच्या काठाला प्रत्येकजण कानशीने एक खाच पाडायचा. ज्याची त्याची जागा वेगळी. खाचेतून जरासा जास्त उजेड आत येतो, आणि त्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक फोटोला कडेवर त्याच जागी एक उंचवटा येतो. चित्राचा एक दाणा काळ्या कडेत घुसल्यासारखा.

"भाऊजींनी कधी कुठे नोकरी केली नाही. त्यांना हे ठाऊक असायचं कारण नाही. काल मीच सांगितलं. म्हटलं, ह्यांचा कॅमेरा माझ्याकडे आहे, खाच आहे, उद्घाटनाला घेऊन येते."

"मला दाखवता?"

धाकटीने पिशवीवर हात ठेवला. "संध्याकाळी," ती म्हणाली.

ह्या कडा, ते उंचवटे तुम्ही कधी पाहिलेत का, असं मावशीने उठता उठता विचारलं. धाकटी म्हणाली, लहान फोटोत ते धुळीच्या कणाएवढं असणार, मला कोण भिंगाने बघू देणार होतं? आणि हे मोठे फोटो तर मी पाहिलेलेच नाहीत. आमंत्रण नाही, आत पाऊल टाकू देत नाहीत. मावशीचा हात आपोआप पर्सकडे गेला. आमंत्रणपत्रिका तिच्याकडे होती.

५

बाहेर येऊन मावशी पहिल्या दिसलेल्या बाकावर बसली. पत्रिकेवर एक फोटो छापला होता, उस्तादांच्या हट्टाप्रमाणे पूर्ण, काळ्या कडेसकट. शिवणयंत्रापुढे एक तरुण मुलगी, दातात दोरा धरून, कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे बघून हसते आहे. मावशीने इतका वेळ हा फोटो पाहिलाच नव्हता, नुसता बाळगला होता. आता पाहिला. दोरा तोडताना मान तिरकी करण्याची ती लकब तिने आत्ताच जिन्याखाली पाहिली होती. असं हसणं थोरल्या दिराकडे बघून कुणी हसत नाही.

हा फोटो भिंतीवर कापलेल्यांपैकी होता. मावशीने भिंग काढलं आणि कडेवरून हळूहळू फिरवत नेलं. उजव्या हाताला, खालच्या कोपऱ्याजवळ, ते थांबलं.

गॅलरीत परत येऊन तिने न कापलेल्या फोटोंचा तोच कोपरा तपासला. एकेक करून सगळ्यांचा. कड सरळ, स्वच्छ, कुठेही उंचवटा नाही. मग ती मागे सरली आणि भिंगाशिवाय बघत उभी राहिली. न कापलेल्या फोटोंतल्या बायका ताठ बसल्या होत्या, परका माणूस आल्यावर बसतात तशा. कापलेल्या फोटोंतल्या बायका आपल्या कामात होत्या, आपल्या गप्पांत होत्या. आता तिला रागच आला. एवढ्या माणसांनी एवढी वर्षं हे फोटो वाखाणले, आणि ह्यात दोन वेगळ्या माणसांची नजर आहे हे एकालाही दिसू नये.

"सगळ्यांना लवकर बोलाव," तिने भाचीला सांगितलं. "धाकटीलाही. तिला दारातून आत आण, मानाने."

६

पाहुणे यायला अवकाश होता. उस्ताद कॅमेऱ्याच्या पेटीजवळ खुर्चीत बसले होते. फ्रेमवाला भिंतीला टेकून, टीकाकार बाई हाताची घडी घालून. धाकटी आली ती पिशवी पोटाशी धरून, आणि कुणाकडे न बघता सरळ आपल्या हसऱ्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. उस्ताद म्हणाले, हिला इथे कशाला आणलं?

मावशीने टेबलावर आमंत्रणपत्रिका ठेवली, तिच्यावर भिंग ठेवलं, आणि म्हणाली, कापणाऱ्याच्या हातून एक कड सुटली, ती ही. बाकीचे पुढे वाकले. कुणाला काही समजलं नाही. भाची म्हणाली, काय बघायचं?

उस्ताद जागचे हलले नाहीत. "धूळ आहे ती," ते म्हणाले. "निगेटिव्हवर धूळ बसते कधीकधी."

"कुठे?" मावशीने विचारलं.

उस्तादांची नजर पत्रिकेवरून पेटीकडे वळली.

"कोपऱ्यात काही आहे हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही," मावशी म्हणाली. "भाचीला भिंगातून दिसलं नाही, तुम्हाला खुर्चीतून दिसलं."

मग तिने एकेक टाका उसवावा तसं सगळं मांडलं. कापणारा हात फोटोवर जीव असलेला होता, म्हणजे वैऱ्याचा नव्हे. त्याच्याकडे किल्ली होती. कड गेल्याचं दुःख ज्याला सगळ्यांत जास्त व्हायचं, त्यालाच ते झालं नाही. धाकटीला कड हवी होती, कारण तिची सगळी साक्ष त्या कडेतच होती. ती कड नको होती फक्त एका माणसाला. मावशीने पेटीतला कॅमेरा बाहेर काढायला लावला, मागचं झाकण उघडलं आणि आतल्या खिडकीच्या काठावरून फ्रेमवाल्याला नख फिरवायला सांगितलं. काठ गुळगुळीत होता.

उस्ताद म्हणाले, भाऊ होता माझा, त्याचा कॅमेरा मी कधीमधी वापरला असेन. ह्यावर टीकाकार बाईने पेटीखालची ओळ मोठ्याने वाचली. सही कुणाची, तेही वाचलं. त्या बाईच्या आवाजात एवढा आनंद होता की मावशीलाही जरा कसंसं झालं.

"एकच मला सांगा," मावशीने विचारलं. "सगळ्याच कडा कापल्या असत्यात तर मी चाचपडत राहिले असते. तेवढ्याच का कापल्यात?"

उस्तादांनी भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाकीचे माझे आहेत. खरे. त्यांच्यावर ब्लेड ठेवलं होतं मी. हात चालला नाही."

आपण काय बोलून गेलो हे त्यांना मागाहून कळलं. पण तोवर खोलीतल्या प्रत्येकाने ते ऐकलं होतं. काठी खाली पडली आणि ती उचलायला कुणीही वाकलं नाही.

"तो कॅमेरा दाखव," ते धाकटीला म्हणाले. "ज्याच्या जिवावर हे सगळं करते आहेस, तो कॅमेरा दाखव मला."

धाकटीने पिशवी उघडली. आतून जेवणाचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. मग पिशवी उलटी करून झटकली. त्यात दुसरं काही नव्हतं.

"कॅमेरा कचेरीचा होता, भाऊजी. हे गेले त्याच महिन्यात परत घेतला त्यांनी, आणि पुढे भंगारात गेला. माझ्याकडे फक्त ह्यांनी एकदा सांगितलेलं होतं, खाचेचं. ह्यांची खाच कुठल्या कोपऱ्यात होती तेसुद्धा मला आठवत नव्हतं." ती भिंतींकडे वळली आणि सगळीकडे एकदा नजर फिरवली. "आणि ह्यातले ह्यांचे कुठले, तुमचे कुठले, हे तर मला कधीच सांगता आलं नसतं. ते काम तुम्हीच करून दिलंत. अगदी निवडून, सरळ रेषेत."

मावशीने नोकरीत पुष्कळ सूड पाहिले होते. रक्ताचे, विषाचे, आगीचे. जेवणाच्या डब्याने घेतलेला हा पहिलाच, आणि मनातून तिला तो फार आवडला. तिने तसं लपवलंही नाही.

भाचीने विचारलं, आता तक्रार द्यायची का? धाकटीने मान हलवली. तक्रार नको, माफी नको, पोलीस नकोत. कडा कापलेल्या आहेत तशाच राहू देत, लोकांना दिसू देत. प्रत्येक कापलेल्या फोटोखाली ह्यांचं नाव भाऊजींनी स्वतःच्या हाताने लिहायचं, आणि संध्याकाळभर दारात उभं राहून, येईल त्याला कडा कुणी आणि का कापल्या ते सांगायचं. फ्रेमवाल्याने न सांगता पांढरी कार्डं आणि पेन आणून समोर ठेवलं.

बाहेर पहिली गाडी थांबल्याचा आवाज आला. उस्तादांनी पेन उचललं. पहिलं कार्ड पुढे ओढलं आणि लिहायला लागले. धाकटी त्यांच्या खांद्यामागे उभी राहून अक्षर न् अक्षर बघत होती. नाव लिहून झालं, त्यांनी थोडी जागा सोडली आणि पुढचा शब्द सुरू केला, तशी तिने पुढे होऊन कार्डावर बोट ठेवलं.

"आडनाव नको, भाऊजी," ती म्हणाली. "ते तुमचंच आहे. लोकांना पुन्हा तुम्हीच वाटाल. नुसतं नाव लिहा."